भागाक्काची वरची बांगडी

आश्विन शुद्ध षष्ठी, दुपार, ताडकळस. हजर : भागाक्का कासारणीची सून गिरिजा, वैद्यबुवा आणि मी. सरहद्दीवरच्या छावणीतून नुकतेच परतलेले माझे यजमान बाहेर ओट्यावर. भागाक्काचं अंग तापानं पोळत होतं, तरी तिची बोटं सवयीनं माझ्या मनगटावर फिरत होती. टोपलीतून तिनं मला फडक्यात बांधलेली एक हिरवी बांगडी काढायला लावली.

"पालमच्या बाजाराला येती ती. तिला घाल. लय बारका हात हाय."

"नाव काय तिचं?"

"नाव कशाला लागतंय? हात बघितला की कळतंय…"

दिवस मावळायच्या आत ती गेली.

भागाक्का फटकळ, भावात चिवट, चहा मिळाल्याशिवाय टोपली न उघडणारी. गेल्या वर्षी निजामाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेवर सरकारची बंदी होती, म्हणून तिची माणसं वऱ्हाडात निघून गेली. यजमान शाळेची नोकरी सोडून त्यांच्यात गेले. मागं राहिलो आम्ही बायका. टपाल फोडलं जायचं, त्यामुळे पत्र यायचंच नाही. भागाक्का मात्र माल आणायला हिंगोलीपर्यंत गाडीनं आणि तिथून पायी सरहद्दीपलीकडे जायची. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई तिची टोपली उपसायचे. काचेशिवाय काय सापडणार?

बांगड्या भरून झाल्या की कासारीण आशीर्वादाची एक बांगडी वर घालते, ही आपली जुनी रीत. भागाक्कानं तिचाच निरोप केला. घरधनी पलीकडे सुखरूप दिसला असेल तर ती वरची बांगडी हातात चढायची. नसेल दिसला, तर ती न बोलता टोपली उचलायची… आणि पुढच्या फेरीपर्यंत त्या घरात घास गोड लागायचा नाही.

मला प्रत्येक गोष्टीची यादी लागते. कोणत्या गावात कुणाचा माणूस पलीकडे आहे ते लिहून ठेवते म्हटलं, तर माझ्यावरच उखडली. "मास्तरीणबाई, लिव्हलेलं पोलिसांच्या अमीनाला वाचता येतंय. माझं डोस्कं त्यानं वाचून दाखवावं."

त्या अमीनानं तिला संघटनेबद्दल भर बाजारात विचारलंही होतं, "तुम्हारी जमात इधर काम करती क्या?"

"जमात मला काय ठावं, साहेब? बीबीसाहेबांचा हात दावा, बांगड्या भरते." बाजार हसला. अमीनही हसला, पण तेव्हापासून एक शिपाई तिच्या मागं असायचा.

मग छावणीतून एका पाहुण्याच्या तोंडी निरोप आला : बाहेर लोक विचारतात, तुमची संघटना संस्थानात आहे की नुसती सरहद्दीवर? ताडकळसच्या बाजारात झेंडा लावा. मी लावायच्या बाजूची होते, कापडही काढून ठेवलं होतं. भागाक्का म्हणाली, "लावा की. उद्या समद्यांच्या झडत्या होतील, टोपली जप्त होईल. मग तुमचा मालक जित्ता हाय का, हे तुमाला झेंडा सांगणार हाय?" झेंडा लागला नाही.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात छावणीतून परतलेल्यांची शाळेत सभा झाली. संस्थानाच्या आत काम होतं का, असं कुणीतरी विचारलं. यजमान प्रामाणिकपणे म्हणाले, "ताडकळसकडे काही उभं राहिलं नाही." घरी आल्यावर मी बांगड्या भरलेला हात त्यांच्यासमोर धरला.

"हे काय?"

"तुम्ही जिवंत असल्याची खबर. दर फेरीला भागाक्का आणायची."

त्यांनी वरची बांगडी बोटानं फिरवून बघितली. "म्हणजे ती बांगड्यावाली भागाक्का होती… टोपलीखालचं तोंड कधी नीट बघितलंच नाही, आम्हाला ती वऱ्हाडातलीच वाटायची. पुरुषांच्या छावणीत बांगड्या विकायला येते म्हणून हसायचो आम्ही."

तेव्हापासून मी दर बाजाराला पालमला जाते. भागाक्काच्या जागेवर, चिंचेखाली, तिचीच टोपली घेऊन बसते. आता निजामाचं राज्य गेलं, भीती नाही, म्हणून उघड विचारते, कुणाचा माणूस पलीकडून यायचा राहिलाय का? अजून बरेच जण परतलेले नाहीत. यजमानांना त्यांची नावं ठाऊक आहेत, पण भागाक्कानं शेवटच्या फेरीत त्यातला कोण पाहिला, ते कुणालाच ठाऊक नाही. चुकीच्या हातात बांगडी गेली तर त्या घरात खोटी आशा जाईल, आणि जिची आहे ती रिकाम्या मनगटानं वाट बघत राहील.

मी विचारलं की बायका टोपलीपुढे बसतात आणि सगळ्याच हात पुढे करतात. उपासानं, काळजीनं सगळेच हात बारीक झालेत.

उद्या पालमचा बाजार. त्या बांगडीचं फडकं अजून सोडलेलं नाही.