डॉकचा काडतूस-तक्ता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे चहाचा घोट तोंडात असताना हसलात आणि तो नाकातून आला, तर मला बोलू नका. बंदूक आणली मी, तिची वाट लावली मी, आणि बदनाम केली पाच जातींची निरपराध काडतुसं! असा माणूस तुमच्यासमोर बसलाय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा टेक्सासात, प्लेनोला नुकतंच घर घेतलं होतं. केतकी, आमची मुलगी, चौदा वर्षांची. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी चौदा वर्षांची मुलगी आहे किंवा होती, त्यांना पुढचं सांगायला नको. मी मराठीत पाच वाक्यं बोलायचो, तिकडून इंग्रजीत एक शब्द यायचा. "फाइन." शाळा कशी होती? फाइन. जेवण? फाइन. आजीचं पत्र आलंय! फाइन.

अशात एके दिवशी ती स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, आय पुट युअर नेम डाउन."

"कशात?"

"शूटिंग मॅच. पेअर असते, एक किड अँड एक पेरेंट. लिसा आणि तिचा डॅड पण आहेत. यू डोंट हॅव टू."

शेवटचं वाक्य तिने जमिनीकडे बघून म्हटलं. मंडळी, दोन वर्षांत पोरीने मला काही मागितलं नव्हतं. तिने हत्तीवर बसून यायला सांगितलं असतं तरी मी हत्ती शोधायला गेलो असतो. मी 'हो' म्हणून बसलो. बंदूक म्हणाल, तर मी त्याआधी फक्त जत्रेत फुगे फोडायला हातात घेतली होती. फुगे शाबूत राहिले होते.

"बंदूक? घरात?" सुनंदा, माझी बायको, म्हणाली. "तुम्हाला भिंतीवर एक खिळा ठोकायला अख्खा शनिवार लागतो!"

"म्हणून तर खिळे सरळ आहेत," मी म्हटलं.

स्पर्धा पाच आठवड्यांवर होती. गावाबाहेर अर्ल नावाच्या एका म्हाताऱ्याचं बंदुकांचं दुकान, आणि दुकानामागेच नेमबाजीचं मैदान. स्पर्धा तोच भरवायचा. त्याच्या ओळखीचे सगळे भारतीय डॉक्टर होते, त्यामुळे मीही त्याच्यासाठी डॉक. इंजिनिअर आहे म्हणून तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "शुअर, डॉक."

त्याने मला छोट्या गोळीची एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल दिली. म्हणजे काय, तर चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, आणि त्याच गोळीच्या धक्क्याने मागचा बोल्ट, म्हणजे लोखंडी दट्ट्या, सरकून रिकामं टरफल बाहेर फेकतो आणि मॅगझिनमधली, म्हणजे गोळ्यांच्या पेटीतली, पुढची गोळी नळीत बसवतो. माणसाने काही करायचं नाही. फक्त काडतुसात तेवढा जोर हवा.

"बाहेर कुठेही ठेवलीस तरी बोल्ट मागे उघडा ठेवायचा," अर्लने बजावलं. "आत गोळी नाही हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. हा नियम मोडलास तर मैदानावर पाऊल ठेवायचं नाही."

नियम! मला नियम सांगितला की मी तो डायरीत लिहितो आणि मरेपर्यंत पाळतो. हा तर मी जरा जास्तच पाळला. पण ते पुढे.

मग त्याने काउंटरवर काडतुसांचा एक लाल खोका ठेवला. "ही वापर."

"हीच का?"

"कारण उडते."

आता मला सांगा, हे काय उत्तर झालं? मागे फळीवर पंधरा तऱ्हेचे खोके दिसत होते. हळू जाणाऱ्या गोळ्या, जोरात जाणाऱ्या, मेणाचा थर दिलेल्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या, टोकाला खड्डा असलेल्या. आणि हा म्हणतो, उडते म्हणून घे! ज्या माणसाच्या डायरीत लॉन कापताना गवत किती बोटं वाढलं होतं याचीही नोंद आहे, त्याने असं कसं ऐकायचं? मी तो लाल खोका घेतला आणि शिवाय आणखी पाच जाती घेतल्या. प्रत्येकीची परीक्षा घ्यायची, सर्वांत गुणी असेल ती केतकीच्या हाती द्यायची. रीतसर!

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं मैदानावर गेलो. पहिल्यांदा हळू गोळ्या, कारण आवाज कमी. मी चाप ओढला. फट्! दुसऱ्यांदा ओढला. काहीच नाही. बघतो तर रिकामं टरफल दारात पाय अडकलेल्या पाहुण्यासारखं उभं, ना आत ना बाहेर.

"नोंद कर," मी केतकीला म्हटलं. "जात पहिली. अडकली. वारा पश्चिमेचा."

"बाबा, वाऱ्याचं काय?"

"असू दे, लिही."

दुसरी जात. तीन गोळ्या गेल्या, चौथी अडकली. तिसरी जात, दुसऱ्याच गोळीला अडकली. तांब्याची अडकली, खड्ड्याची अडकली, अर्लचा तो लाल खोका, तोही अडकला! मला तर बरंच वाटलं. म्हटलं, बघ लेका, 'उडते' म्हणे!

घरी आल्यावर रोज नळी गजाने पुसायचो, तेल लावायचो. नळी इतकी चकचकीत की सुनंदाने तिच्यात बघून कुंकू लावावं. आतली यंत्रणा मात्र मी उघडली नाही, कारण सोबतच्या पत्रकात छापलं होतं, 'आतली स्प्रिंग उडून हरवू शकते, माहितगाराकडून उघडून घ्यावी.' नियम तो नियम.

चार शनिवार आम्ही बापलेक काडतुसं तपासत होतो. आणि एक गंमत सांगू? केतकी बोलायला लागली होती! गाडीत जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. "बाबा, मेबी मेणामुळे चिकटते." "बाबा, थंडीत बघूया का? अर्ली मॉर्निंग?" बंदूक चालत नव्हती, पण पोरीचं तोंड सुरू झालं होतं. मनात एकच धास्ती. स्पर्धेत लिसाच्या बापासमोर ही अडकली, तर केतकी पुन्हा 'फाइन'वर जाईल.

तेव्हा मी शर्थ केली. ऑफिसच्या टाइपरायटरवर पूर्ण पानाचा तक्ता केला. सहा जाती, किती झाडल्या, किती अडकल्या, तापमान, वारा, आणि शेवटी शेरा. सगळ्यांपुढे शेरा एकच, 'असमाधानकारक.' एक प्रत अर्लला दिली, त्याच्या उपयोगी पडेल म्हणून. त्याने ती न वाचता काउंटरमागच्या फळ्यावर टाचली.

इथेच घोळ झाला!

गिऱ्हाइकं तो तक्ता वाचायला लागली. टाइप केलेलं, रेघा मारलेलं, खाली सही. वर अर्ल प्रत्येकाला सांगणार, "दॅट्स डॉक्स चार्ट." लोकांना वाटलं, कोणी मोठा शास्त्रज्ञ! गुडघ्यापर्यंत बूट चढवलेला एक धिप्पाड गृहस्थ स्पर्धेच्या आदल्या दिवशी चार न फोडलेले लाल खोके परत घेऊन आला. केतकी आणि मी रायफल घेऊन सरावाला आलेलो, तिथेच होतो.

"ही परत घे, अर्ल. डॉक म्हणतो, ही अडकतात."

"वीस वर्षं तू हीच वापरतोस!"

"हो. पण मी कधी लिहून ठेवलं नव्हतं ना!"

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. अर्लने मात्र तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली. त्या दिवशी खोके परत करणारा हा पाचवा माणूस होता.

तो उठला. फळीवरून माझ्यासारखीच दुसरी रायफल काढली, लाल खोका उचलला आणि मागच्या मैदानावर गेला. आम्ही सगळे त्याच्या मागे. धाड धाड धाड! दहाच्या दहा गोळ्या, एकही अडकली नाही. मग माझी हळू गोळी लावली. ती अडकली. "ही अडकणारच," तो म्हणाला, "तिच्यात जोरच नाही." मग बाकीच्या चारही जाती. सगळ्या सुरळीत!

"डॉक," त्याने हात पुढे केला, "तुझी आण इकडे."

त्याने टेबलावर फडकं पसरलं, दोन खिळ्या काढल्या आणि चार शनिवार मी ज्या यंत्रणेला घाबरलो होतो ती अर्ध्या मिनिटात उघडली. आत लालभडक चिखल!

"गंज?" तो बूटवाला म्हणाला.

अर्लने बोटाने चिखल चोळला, वास घेतला. "गंज नाही." मग चिमट्याने बोल्टच्या खाचेतून काहीतरी काढलं. एक. मग स्प्रिंगखालून दुसरं. मग चापाच्या बाजूने तीन. फडक्यावर ओळीने मांडले. तो चष्मा कपाळावर सरकवून वाकला.

"डॉक. इज दिस... राइस?"

मंडळी, त्या क्षणी टेक्सासची ती कोरडी जमीन फाटली असती तर मी उडी घेतली असती.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. रायफल आणली तेव्हा नवरात्र होतं. दसऱ्याला आमच्याकडे गाडी, शिवणयंत्र, माझी ड्रॉइंगची पेटी, सगळ्यांची पूजा होते. मग घरात साक्षात शस्त्र आलेलं असताना ते वगळायचं? मी पाटावर धुतलेलं वस्त्र घातलं, त्यावर रायफल ठेवली, आणि अर्लने सांगितल्याप्रमाणे बोल्ट मागे उघडा ठेवला. घराबाहेर-घरात असा भेद मी करत नाही. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि मग मूठभर कुंकवाच्या अक्षता, अगदी मनापासून, वरून, उघड्या बोल्टवर! नंतर 'गंज चढायला नको' म्हणून तेल सोडलं, तेही सढळ हाताने. कुंकवात तेल, तेलात तांदूळ!

"बाबा!" केतकीने माझ्या खिशातून डायरी ओढली आणि दसऱ्याचं पान काढलं. तिला मराठी वाचता यायचं, फक्त ती ते कुणाला कळू द्यायची नाही. मोठ्याने, अडखळत, सगळ्यांसमोर तिने वाचलं, "'शस्त्रपूजा यथासांग झाली. बोल्ट उघडा ठेवला होता. अक्षता बासमतीच्या.' बाबा! यू रोट इट डाउन!"

लिहिलं होतं हो. पण डायरीच्या घरच्या भागात! रायफलच्या भागात नाही!

अर्लला मी सगळं समजावून सांगितलं. हत्यारं पूजायची का, तांदूळ का, लाल का. तो शांतपणे ऐकत होता. मला वाटलं, आता हाकलणार.

"म्हणजे तू तिला आशीर्वाद दिलास," तो म्हणाला.

"हो."

"माझी बायको माझ्या पिकअपला देते. पण इंजिनमध्ये नाही, डॉक."

मग तो जो हसायला लागला, की टेबलाला धरून खाली बसला. केतकी त्याच्याहून जोरात हसत होती. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं, कारण पोरीच्या देखत आपलं असं हसं झालं की ती आपल्याला ओळख दाखवणार नाही, अशी माझी समजूत. पण ती माझ्या दंडाला लटकून हसत होती, "बासमती, बाबा! ॲट लीस्ट चांगला राइस होता!"

अर्लने यंत्रणा धुवून पुसून दिली. लाल खोक्यातल्या दहाही गोळ्या सुटल्या, लोण्यासारख्या. मी फळ्यावरच्या तक्त्यावर स्वतःच्या हाताने काट मारली, खाली इंग्रजीत लिहिलं, 'दोष काडतुसांचा नाही,' आणि पुन्हा सही केली. बूटवाला आपले चार खोके घेऊन, टोपीला हात लावून गेला.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा. समोर दहा लोखंडी पट्ट्या, प्रत्येकाला दहा गोळ्या. केतकीने आठ पाडल्या! माझी पाळी आली. रायफल एकदाही अडकली नाही. काडतूस उत्तम, वारा शून्य. आता सबब सांगायला काही उरलंच नव्हतं. मी तीन सेकंद श्वास रोखून, नेम धरून, एकेक गोळी सोडली आणि दहा गोळ्यांत दोन पट्ट्या पाडल्या. त्यातली एक शेजारच्या रांगेतली होती. तो गुण लिसाच्या बापाला मिळाला.

अकरा जोड्यांत आमचा नववा नंबर. केतकी घरापर्यंत बोलत होती. मी अर्धं ऐकलं, अर्धं नुसतं बघत होतो.

एक राहिलं. सगळं आटोपल्यावर अर्लने स्पर्धा बघायला आलेल्या सुनंदाला सहज विचारलं, "मॅम, तुम्ही?" ती पदर खोचून उभी राहिली. पाच गोळ्या, पाच पट्ट्या. डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोच!

"कसं काय केलंस गं?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? दिसलं, दाबलं."

वसंतात पुढच्या स्पर्धेचा फॉर्म आला. केतकीने तो शाळेतून आणला, स्वतः भरला आणि माझ्यापुढे सहीला धरला. माझं मन भरून आलं. पुन्हा स्वतःहून! मी चष्मा लावला, वाचायला घेतलं. जोडीदाराच्या रकान्यात वळणदार अक्षरात नाव होतं, सुनंदा.

"आणि मी?"

"बाबा, ऑफ कोर्स तू पण आहेस! खाली बघ ना."

मी खाली पाहिलं. खरंच होतो. 'अपघात झाल्यास कोणाला फोन करावा' याच्यापुढे.