लोड उतरवण्याचा अण्णांचा उपाय

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी नांदेडहून लातूरला एका छोट्या खासगी कंपनीत नोकरीला आले. गावोगावच्या टँकरच्या खेपांची नोंद ठेवणारा सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. शेजारी उदगीरचे अण्णा बसायचे. कपाळावर भस्माचे पट्टे आणि तोंडात कायम नवा जिल्हा. "उदगीर जिल्हा झाला की बघ," याशिवाय त्यांचं बोलणं संपायचं नाही.

एका दुपारी फोनवर फोन. नोंदीच होत नव्हत्या. मी सर्व्हरवर बघितलं आणि ओरडले, "लोड एकोणीस झालाय!"

अण्णा ताडकन उठले. कूलर बंद केला, मग एकेक करत सगळे पंखे.

"आता बघ."

बघितलं. अकरा!

"उतरला का न्हाई?" घाम पुसत ते म्हणाले.

"अण्णा, हा विजेचा लोड नाही हो. सर्व्हरवर किती कामं चालू आहेत आणि किती खोळंबलीत, त्याचा आकडा आहे. आपले प्रोसेसर चार. त्यावर गेला की रांग लागली समजा."

"अन् स्क्रीनवरचे हे तीन आकडे?"

"एका, पाच आणि पंधरा मिनिटांची सरासरी. पहिला खाली येतोय, म्हणजे गर्दी ओसरतेय. पंधराचा सावकाश हलतो."

"पंख्यानंच ओसरली की मग!"

रांगेत कोण आहे ते पाहिलं, तर एकच अहवाल, पुन्हा पुन्हा, अण्णांच्या मशीनवरून. होऊ घातलेल्या जिल्ह्यातले तालुके निवडून, तिथं किती टँकर चालू आहेत ते अण्णा बघत होते. अहवाल येईना म्हणून बटण दाबतच राहिले, आणि दर दाबण्याला सर्व्हरवर नवं काम चढत गेलं. पंखे बंद करायला उठले तेवढा वेळच त्यांचं बोट थांबलं होतं.

हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "म्हंजे मी उठलो म्हणूनच उतरला."

मी आधी पंखे लावले आणि मग एक अहवाल ठेवून बाकीचे बंद केले.

तेवढ्यात टँकरची नोंद होत नाही म्हणून रेणापूरहून फोन आला. तो अण्णांनीच घेतला. "पंधरा मिनिटांचा आकडा अजून वर हाय. उतरायलाय. तवर चहा पिऊन या."

पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलला की मलाही ऐकू आलं, "चहाला पाणी तुम्ही धाडता का?"