टाकीचं विरजण

पाळणाघरात तीस वर्षं पोरं सांभाळून मावशी निवृत्त झाल्या आणि सहा महिन्यांत त्यांनी नवीन लेकरू सांभाळायला घेतलं. हे लेकरू म्हणजे गोबरगॅसची टाकी, सिमेंटचं, खोलीएवढं मोठं आणि घरामागे जमिनीत अर्धं पुरलेलं. कापणीनंतर शेतात उरलेली मक्याची ताटं, भुसा, काडीकचरा शेणपाण्यात कालवून त्यात घातला की वर गॅस जमायचा. एरवी शेतकरी हा कचरा पेटवून मोकळे व्हायचे आणि अख्खी गल्ली खोकत बसायची. मावशींनी तो घरी आणायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. वर्षभरानं तेच लोक त्या गॅसवर भाजलेला पाव मिटक्या मारत खाऊ लागले.

एक पातळशी माहितीपुस्तिका आणि पाळणाघराचा अनुभव, एवढ्यावर बाईंनी हे उभं केलं. मूल असो की टाकी, वेळेवर, थोडं थोडं आणि बारीक करून भरवायचं, हा त्यांचा नियम. सकाळी सातला दोन बादल्या, दुपारी बाराला दोन. मग भरणीच्या तोंडाचं झाकण उघडून वास घ्यायचा आणि म्हणायचं, “पोट ठीक आहे हो आमच्या बाळाचं.”

पाव भाजायच्या त्यांच्या धाकट्या जाऊबाई. बेकरी भिंतीला भिंत लागून. मावशींच्या शब्दावर त्यांनी लाकडाची जुनी भट्टी पाडून गॅसची बसवली होती. आता गॅस बंद म्हणजे बेकरी बंद.

आणि ते झालं खुद्द मावशींच्या हातून! कोबीच्या मळ्यातून ट्रॉलीभर पाला आला. कोवळा, रसाळ, वर फुकट. बाईंना मोह आवरला नाही. दोनाच्या जागी दहा बादल्या, तेही तीन दिवस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! कोवळा पाला झपाट्यानं कुजतो, टाकी आंबते आणि जळणारा गॅस तयार करणारे जंतू त्या आंबटात मरतात. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर आंबट भपकारा नाकात शिरला. भट्टीत ज्योत धरेना.

“ताई, काय झालं हो?” जाऊबाई पिठाच्या हातानं धावत आल्या.

“अपचन झालंय टाकीला. मीच कोंबलं गं.”

“तुमच्या शब्दावर भट्टी पाडली मी!”

 मावशींना दोष थंडीवर, पाइपावर, कशावरही ढकलता आला असता. कुणाला कळणार होतं? पण त्यांनी ते केलं नाही, आणि म्हणूनच मला ही बाई फार मोठी वाटते.

आता टाकीला कडक उपास हवा होता, आणि चांगल्या चालत्या टाकीतला, जिवंत जंतूंनी भरलेला रबडा हवा होता, दह्याला विरजण लागतं तसा. तसा रबडा एकाच ठिकाणी होता, नदीपलीकडच्या वेल्डरकडे. दोन वर्षांपूर्वी तोच मावशींकडे विरजण मागायला आला होता. मावशींनी आठ ड्रम भरून दिले, तेव्हा जाऊबाई फणकारल्या होत्या, “आज विरजण द्या, उद्या तिकडंही गॅसची भट्टी लागली की गिऱ्हाईक द्या!”

मावशींनी भीतभीत फोन केला. दुपारी वेल्डर ट्रॅक्टरवर बारा ड्रम घालून दारात हजर.

“अहो, एवढे?” मावशी म्हणाल्या.

“तुमच्याच टाकीची लेक आहे ही, मावशी. माहेरी आणलीय.”

मावशींना हसू आलं आणि रडूही आलं. रबडा टाकीत ओतला आणि मग नऊ दिवस बेकरीला कुलूप. टाकीला एक काडी दिली नाही. मावशी सकाळ-दुपार वास घ्यायच्या आणि मान हलवायच्या. जाऊबाई कुंपणाआडून बघायच्या, बोलायच्या नाहीत. दहाव्या दिवशी आंबटपणा गेला. मावशींनी बर्नरला काडी लावली आणि निळी ज्योत सरळ उभी राहिली. दोघींचा जीव भांड्यात पडला. भट्टीतला पहिला पाव जाऊबाईंनी फडक्यात गुंडाळून मावशींच्या हातात ठेवला. अबोला तिथंच संपला.

महिन्याभरानं एक अनोळखी जोडपं हातात छोटा डबा घेऊन दारात आलं. नवी टाकी बांधली होती म्हणे, विरजण हवं होतं. मावशी बादली कालवत होत्या. त्यांनी आधी चोरून बेकरीकडे पाहिलं. जाऊबाईंनी सगळं ऐकलंच होतं. हात पुसत त्या बाहेर आल्या.

“एवढ्याशा डब्यानं काय होणार? थांबा, ड्रम आणते.”

आणि बाह्या सारून त्यांनीच तो भरायला घेतला.