किल्टखालचे बूट

काही घरांत रिकामी खोकी साठतात, तसे आमच्या बँडचे किस्से माझ्याकडे साठलेत. टाकवत नाहीत, आणि काढून बघितले की संताप होतो. जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका गावात आमचा हा बॅगपाइप बँड आहे. वाद्यं स्कॉटलंडची, वाजवणारे श्वाबियन, म्हणजे या भागातले जर्मन, आणि मोठा ड्रम माझ्या गळ्यात, कारण पुण्यात मी पथकात ढोल वाजवायचो. स्कॉटलंडचा माणूस औषधालाही नाही. पण नियम असे कडक की स्कॉटलंडवालेसुद्धा आम्हाला घाबरतील.

किल्ट, म्हणजे तो स्कॉटिश पुरुषांचा लोकरी घागरा, घातला की भेटेल तो एकच प्रश्न विचारतो. आत काय घालता? अरे, आत काय आहे ते माझं मी बघीन! पायात काय आहे ते विचारा ना. पायात असतात ब्रोग. जीभ नसलेले बूट, तळ फळीसारखा कडक, आणि नाड्या इतक्या लांब की घोट्याभोवती गुंडाळून वर पोटरीपर्यंत बांधायच्या. गावातल्या दगडी रस्त्यांवर त्यांत चालणं म्हणजे ओल्या बाथरूममध्ये नाचणं.

ऑफिसच्या कँटीनमध्ये एका कलीगने तोच प्रश्न विचारला. अख्खं टेबल कान टवकारून बसलं.

"टाचदुखी," मी म्हटलं.

तो हसलासुद्धा नाही. गंभीर चेहऱ्याने त्याने मला त्याच्या हाडांच्या डॉक्टरचा नंबर दिला. पुढची अपॉइंटमेंट तीन महिन्यांनंतरची मिळाली.

*

प्रवासात माझा नियम सोपा आहे. किल्ट अंगावर, बाकी सगळं पाठीवरच्या एका सॅकमध्ये. एवढी लोकर बॅगेत भरली तर दुसरं काही मावत नाही. पण हे आमच्या होल्गरला कोण सांगणार? होल्गर पाइप वाजवतो आणि एका रात्रीच्या मुक्कामाला चाकांची सुटकेस आणतो. एकदा वोल्फ्सबुर्गला कार्यक्रम होता. दगडी रस्त्यावर सुटकेसचं चाक निखळलं आणि स्टेशनचे जिने मी आणि तो ती दोन्ही हातांनी उचलून चढलो.

"आहे काय हिच्यात?" मी विचारलं.

"इस्त्री."

"हॉटेलात असते ना इस्त्री!"

"ती माझी नसते."

तेवढ्यात प्लॅटफॉर्मवर वारा सुटला. दोघांचे दोन्ही हात सुटकेसला, आणि अंगात किल्ट. समोर शाळेची सहल उभी. होल्गर शांतपणे म्हणाला, "मिलिंद, सुटकेस सोडू नकोस. आत काचेची बाटली आहे."

*

फ्रँकफर्टच्या विमानतळावर तर आमची वरातच निघते. कमरेला बकलं, पुढे साखळीला लटकणारी चामड्याची पिशवी, सगळं वाजतं. त्यात आमचा बँडप्रमुख ऊवे. सत्तरीचा, ताठ, रिटायर्ड गणित मास्तर. काही वर्षांपूर्वी बूट काढायला सांगितल्यावर त्याने नाड्या सोडायला घेतल्या आणि मागची रांग थेट दुकानांपर्यंत गेली.

"तुम्ही स्कॉटिश का?" तपासणाऱ्या बाईंनी विचारलं.

"नाही, श्वाबियन," ऊवे म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"पुण्याचा."

बाईंनी एकदा आमच्या गुडघ्यांकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि शिफ्ट संपायला किती वेळ आहे ते शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं.

*

एका वर्षी बसने लांब जायचं होतं, म्हणून नाइलाजाने किल्ट बॅगेत घालत होतो. सासूबाई तेव्हा नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. त्यांना ते बघवेना.

"अहो मिलिंदराव, निऱ्या अशा कोंबतात का?"

त्यांनी किल्ट माझ्या हातातून काढून घेतला, निऱ्या नीट बसवल्या, वरपासून खालपर्यंत आडवे धावदोरे घातले आणि सुरळी करून दिली. दुसऱ्या दिवशी उघडला तर एक सुरकुती नाही. मी खूश होऊन घातला आणि परेडला उभा राहिलो. पहिलं पाऊल टाकलं आणि दुसरं पडेना. धावदोरे तसेच होते! पोत्यात पाय घालून धावतात तशी मी ती अख्खी परेड केली, वर ड्रम वाजवत.

संपल्यावर ऊवेने माझा हात हातात घेतला. "आज पहिल्यांदा तुझी पावलं योग्य अंतरावर पडली."

घरी येऊन आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं, तर त्यांनाच राग. "दोरा काढायचा असतो, हेही आता सांगायचं का?"

*

शेवटी कलीगच्या त्या हाडांच्या डॉक्टरांनी टाच बघितली आणि ब्रोग घालून चालणं बंद केलं. मी काळे, मऊ तळाचे वॉकिंग शूज आणले. ऊवेने ते बघून मला सगळ्यांसमोर सुनावलं. "ब्रोग नाहीत तर परेड नाही." इतकी वर्षं तो ड्रम पोटावर वागवला, त्याची ही किंमत. आणि नेमकी पुढची परेड आमच्याच गावात होती. आईंनी मला वाजवताना एकदाही पाहिलं नव्हतं आणि चार दिवसांनी त्या पुण्याला परत जाणार होत्या. माझी नऊ वर्षांची ईरा वर्गात सांगून आली होती की माझे बाबा पहिल्या ओळीत असतात.

परेडच्या सकाळी मी तेच शूज घालून शाळेच्या जिममध्ये गेलो. तिथे आमची कपडे बदलायची खोली होती. मनात भांडण पाठ करून गेलो होतो. याच बुटांत चालेन, नाहीतर हा घे तुझा ड्रम.

आत ऊवे एकटाच बाकावर बसला होता. पायांत ब्रोग, नाड्या जमिनीवर लोळत होत्या.

"ऊवे, मला बोलायचंय," मी म्हटलं.

"आधी बांध, मग बोल." तो माझ्याकडे बघत नव्हता. "कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून वाकता येत नाही. इंगे बांधायची."

इंगे म्हणजे त्याची बायको. मार्चमध्ये तिला शेवटचं पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो.

मी खाली बसलो. उजव्या पायाची नाडी घोट्याभोवती गुंडाळायला लागलो. माझे शूज आता त्याच्या अगदी समोर होते. त्याने ते बराच वेळ बघितले.

"काळे तरी आहेत," तो म्हणाला. "कडेला चाल. ड्रम जरा खाली धर."

तेवढ्यात दार उघडलं. आई आणि ईरा मला शोधत आल्या होत्या. जावई एका वृद्ध माणसाच्या पायांशी वाकलेला बघून आईंचा चेहरा असा उजळला, की पंधरा वर्षांत माझ्यामुळे कधी उजळला नव्हता. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि ईराला पुढे ढकललं.

"बघतेस काय? बाबा पाया पडतायत. तूही पड."

"येट्स्ट?" ईराने विचारलं. म्हणजे, आत्ता?

"आत्ताच."

ईरा माझ्या शेजारी येऊन वाकली. ऊवेने आपला दुसरा पाय तिच्यापुढे केला.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, तो म्हणाला. "डावा तू घे."