छावणी मागायला गेलो त्या पहाटेची मुंबई

पहाटे मिनीबस आमदार निवासाच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा आम्ही आठहीजणी पायऱ्यांवर बसून होतो. रात्री कुणी धड झोपलंच नव्हतं. त्या खोलीतला पंखा बंद केला तर उकडे आणि चालू ठेवला तर आवाज करी. मी तर पडल्या जागी घरचाच विचार करत होते. निघताना गोठ्यातली थोरली गाय चारा हुंगून तोंड बाजूला करत होती, ते डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

मुंबई बघायला म्हणून आम्ही आलोच नव्हतो. आमचं गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या अलीकडचं. गावात बायकांची दूध संस्था होती. माझ्या सासूबाई तिच्या चेअरमन आणि मी सचिव. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना सही करता यायची, वाचता मात्र येत नव्हतं. मी बारावी झालेली, म्हणून सचिवपद माझ्याकडे आलं. गावचं दूध गोळा करून आम्ही तालुक्याच्या दूध संघाला घालायचो.

त्या वर्षी विहिरी दिवाळीतच आटल्या. संघाच्या चेअरमनसाहेबांनी आमच्या शिवारात जनावरांची चारा छावणी उघडली. उसाचं वाढं, पेंड आणि टँकरचं पाणी मिळायचं. मग एक दिवस चाऱ्याचा ट्रक आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. छावणीवरचा माणूस म्हणाला, मुंबईहून मंजुरी थांबलीय, जनावरं घरी न्या. आम्ही नेली. त्याला महिना होत आला तरी छावणी उघडेना. तहसीलला गेलं की उद्या या म्हणत. शेवटी आत्याबाई बैठकीत म्हणाल्या, "मंजुरी मुंबईला अडकली आसंल तर मुंबईलाच जाऊन मागू."

ही बातमी चेअरमनसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी निरोप धाडला की, तुम्ही बाया एकट्या कशाला जाता, मीच माझ्या गाडीनं पाठवतो, राहायची सोय करतो, मंत्र्यांची वेळ घेऊन देतो. सोबत संघाचा सुपरवायझर दिला. तो रोज आमच्या संकलन केंद्रावर येणारा, ओळखीचा माणूस. आत्याबाईंना मावशी म्हणायचा, कित्येकदा आमच्या घरी जेवलेला. त्यानंच आदल्या संध्याकाळी सांगितलं, "मंत्र्यांची वेळ सकाळी नवाची मिळालीय. तवर साहेबांनी तुमच्यासाठी गाईड लावून गाडी सांगितलीय. पहाटं रस्ते मोकळे ऱ्हातेत. मुंबई बघून घ्या, परत कवा येताल?"

बायका हरखल्या. नवाच्या आत मुंबई बघून कशी होणार, एवढाच प्रश्न माझ्या मनात होता.

गाईड चाळिशीचा, सडपातळ माणूस होता, डोक्यावर टोपी, हातात छोटा माईक. गाडीत आम्ही आठजणी आणि सुपरवायझर एवढेच होतो, तरी तो माईकवरच बोलायचा. त्याचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ होतं. "नमस्कार ताई-मावशींनो," तो म्हणाला, "आपण प्रथम गेटवे ऑफ इंडिया पाहणार आहोत."

गेटवेपाशी अजून पुरतं उजाडलं नव्हतं. कबुतरं फिरत होती. समुद्र काळसर दिसत होता आणि त्यावर नावा हलत होत्या. सगळ्याजणी कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मी थोडी बाजूला जाऊन घरी फोन लावला.

नवरा म्हणाला, "गाय बसून हाय."

"कवापासून?"

"रातीपासून. उठवाय गेलो तर उठंना."

"पाणी पाजलं का?"

"थोडं पेली. तुमचं काय झालं? भेटला का मंत्री?"

"नऊला भेटायचंय."

"मग आत्ता काय करायलीस?"

मला सांगायची लाज वाटली. "वाट बघायलोत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

गाडी मरीन ड्राइव्हला लागली. गाईड सांगत होता की रात्री हे दिवे हारासारखे दिसतात, अमुक इमारती इतक्या जुन्या आहेत, इथं घर घ्यायचं म्हणजे कसं. मी ऐकत होते आणि मोबाइलवर वेळ बघत होते. तेवढ्यात पुढं एक टँकर हळूहळू चाललेला दिसला. आमच्याकडे येतो तसाच टँकर. मागं एक माणूस जाड पाइप धरून रस्त्याच्या मधल्या झाडांना पाणी घालत होता. पाणी झाडांच्या आळ्यातून बाहेर येऊन रस्त्यावरून वाहत होतं. आमची गाडी त्याच्या मागं अडकली म्हणून बराच वेळ ते समोर दिसत राहिलं.

"वाहून चाललंय की," आत्याबाई म्हणाल्या.

गाईडनं माईक खाली घेतला. गाडी पुढं निघाल्यावर त्यानं पुन्हा इमारतींचं सांगायला सुरुवात केली.

चौपाटीपाशी सुपरवायझर उतरला. "मी पुढं जाऊन बंगल्यावर तुमची नावं देतो," म्हणाला. "तुमी निवांत बघा." त्यानं टॅक्सी थांबवली आणि गेला. त्याच्या जाण्यानं मला जरा बरं वाटलं. निदान कुणीतरी कामाला लागलं, असं वाटलं.

गाडी मलबार हिलचा चढ चढायला लागली. गाईड पुढचा बेत सांगू लागला. "आता हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट. मग हाजी अली, सी लिंक, आणि जुहूला जाऊन नाश्ता."

मी विचारलं, "जुहू किती लांब आहे?"

"बऱ्यापैकी लांब आहे. पण आपल्याला काय घाई नाही."

"घाई आहे. नऊला मंत्र्यांना भेटायचंय."

त्यानं माईक बाजूला ठेवला. "मला तसं काही सांगितलेलं नाही, ताई. गाडीचं बुकिंग दुपारपर्यंतचं आहे. दुपारी तुम्हाला परत सोडायचं, मग तुमची गावाकडची गाडी येणार, असं सांगितलंय."

मी सुपरवायझरला फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला तर फोन बंद.

मी आत्याबाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, पण त्यांची नजर खिडकीबाहेरच्या बंगल्यांवर होती.

"गाईडला चुकीचं सांगितलं आसंल कुणीतरी," त्या म्हणाल्या.

"आणि फोन बंद कावून केला?"

"चार्जिंग संपली आसंल. अगं, माझ्या हातचं खाल्लंय त्यानं. तो फसवील का आपल्याला?"

"मला वाटतं आपल्याला फिरवायलेत, आत्याबाई. भेटू द्यायचंच न्हाई त्यांना."

"कावून भेटू द्यायचं न्हाई? छावणी त्यांचीच हाय की. उघडली तर त्यांचंच नाव व्हतंय."

तेच मलाही कळत नव्हतं. "तुला दम म्हणून न्हाई," त्या म्हणाल्या. "निघाल्यापास्नं बघायलेय. नुसती फोनला चिकटलीस. बस गुमान."

मी बसले. पुढच्या सीटवरच्या दोघींनी आमचं बोलणं ऐकलं होतं, पण त्यांनी माना खिडकीकडे वळवल्या. सासू-सुनेच्या मधे कोण बोलणार. माझे पाय सारखे हलत होते. गावाकडे गाय बसलेली, इथं आम्ही बसलेलो, आणि गाडी वळणावळणानं वर चाललेली. उठून काहीतरी करावं असं वाटत होतं, पण काय ते सुचत नव्हतं.

गाईडला बहुतेक अवघडल्यासारखं झालं. वातावरण सैल व्हावं म्हणून त्यानं परत माईक घेतला. "हा मुंबईतला सगळ्यात श्रीमंत भाग. उजव्या हाताला पाहा, हे मंत्र्यांचे सरकारी बंगले."

मी उभी राहिले. दुष्काळाचं काम ज्या मंत्र्यांकडे होतं त्यांचं नाव घेऊन विचारलं, "त्यांचा बंगला कुठला?"

त्यानं सवयीनं हात केला. "तो पुढचा. झाडांच्या मागचा, पोलीस उभा आहे ना, तो."

"गाडी थांबवा."

ड्रायव्हर म्हणाला, "इथं थांबवता येत नाही. दंड होतो."

"थोडं पुढं थांबवा, पण थांबवा. आम्हाला उतरायचंय."

त्यानं गाडी हळू केली, पण थांबवली नाही. गाईड एकदा माझ्याकडे, एकदा ड्रायव्हरकडे बघत होता. आत्याबाई जागेवरच होत्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग सीटखालची पिशवी ओढून घेतली, पदर खोचला आणि दांड्याला धरत दारापर्यंत गेल्या.

"दार उघड, लेकरा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "त्यो पोलीस न्हाई म्हणला तर परत येऊन बसू."

गाडी थांबली. मागोमाग सगळ्या उतरल्या.

पोलीस नाहीच म्हणाला. वेळ घेतली का, पास आहे का, कोणी पाठवलं. आमच्याजवळ मी घरी बसून लिहिलेला अर्ज सोडून काही नव्हतं. तेवढ्यात गाईड माईक तसाच हातात घेऊन उतरून आला. त्यानं पोलिसाला बाजूला नेलं आणि काहीतरी बोलला. पोलीस आम्हाला म्हणाला, "आत सोडता येणार नाही. समोरच्या फुटपाथला बसा. साहेब चालायला गेलेत. आले तर तुमचं नशीब."

आम्ही फुटपाथवर ओळीनं बसलो. चांगलंच उजाडलं होतं. कुत्र्यांना फिरवणारी माणसं आमच्याकडे बघत जात होती. एकीनं विचारलं, "आपल्याला धरून नेतील का?"

मंत्री पायीच आले. पांढरे बूट, गळ्यात टॉवेल, मागं दोन माणसं. आम्हाला बघून ते थबकले. "कुठल्या बाया?"

"बीड जिल्ह्यातल्या," मी म्हटलं. "चारा छावणीसाठी आलोय."

त्यांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. ते मागच्या माणसाकडे वळले, मग म्हणाले, "तुमच्याकडे छावणी चालू आहे की. परवाच तुमच्या संघाचे चेअरमन भेटून गेले. व्यवस्थित चालू आहे म्हणाले. अनुदानही नेतायत."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आत्याबाईंच्या लक्षात ते माझ्या आधी आलं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"चालू आसती तर आमी हितं कावून आलो असतो, सायेब? महिना झाला बंद व्हऊन. जनावरं आमच्या दारात हायेत. माणूस धाडा आन् बघा."

मंत्री मागच्या माणसाला म्हणाले, "लिहून घ्या." माझ्या हातातला अर्ज घेतला, आत्याबाईंना नमस्कार केला आणि आत गेले. थोड्या वेळानं आतून कागदी कपांत चहा आला. एवढंच झालं.

चहा पीत होतो तेव्हा टॅक्सीतून सुपरवायझर उतरला. त्याला कुणी कळवलं, मला माहीत नाही. चेहरा उतरला होता. "मावशी, हे काय केलं? मला न इचारता?"

"तू नावं द्यायला आलतास ना रे?" आत्याबाई म्हणाल्या. "आमी तुझ्या आदीच पोचलो बघ."

तो परत गाडीत बसला नाही. गाईडनं विचारलं, "आता काय करायचं? बुकिंग दुपारपर्यंत आहे." मला लगेच गावाकडे निघायचं होतं. पण आत्याबाई म्हणाल्या, "बघू की मग. समुद्रात पाय घालायचा हाय मला." आम्ही म्हातारीचा बूट बघितला, लांबून हाजी अली बघितला, जुहूला गेलो. त्या लुगडं गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभ्या राहिल्या आणि बाकीच्या हसत होत्या. मी वाळूत बसून मंत्र्यांपुढं काय सांगायचं राहिलं ते आठवत होते. किती जनावरं, किती घरं, टँकर किती दिवसांनी येतो. यातलं काहीच मी बोलले नव्हते. दुपारी नवऱ्याचा फोन आला. गाय उठली होती.

आठवड्याभरात अधिकारी आले आणि मोकळं शिवार बघून गेले. छावणी उघडली, पण दुसऱ्या संस्थेच्या नावावर आणि शेजारच्या गावात. जनावरं हाकत नेऊन तिथं बांधावी लागली. ती जगली.

आमचं दूध मात्र संघ परत पाठवायला लागला. कधी फॅट कमी म्हणून, कधी वास येतो म्हणून. कॅनमधलं दूध परत आणून आम्ही खवा आटवायचो. हळूहळू निम्म्या बायका खाजगी डेअरीला दूध घालायला लागल्या. दोघीतिघींनी आत्याबाईंना तोंडावर विचारलं की मंत्र्याला कशाला सांगितलंत, छावणी आज ना उद्या उघडलीच असती. आत्याबाई त्यांच्या किटल्यांतलं दूध मापत राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांनी चेअरमनपद सोडलं आणि नंतर संस्थाच बंद झाली.

सुपरवायझर काही वर्षांनी एका लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला. आत्याबाईंनी त्याला चहा दिला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. तो महिना छावणी बंद असताना कागदावर तिथं कुणाकुणाची जनावरं चारा खात असल्याचं दाखवलं होतं, आमची त्यात होती का, हे त्याला माहीत असणार. विचारावं म्हणून मी दोनदा उंबऱ्यापर्यंत आले. त्याच्या वहाणांचा आवाज अंगणातून रस्त्याला लागेपर्यंत मी तिथंच उभी होते.