हरलेल्याला राम राम

परीक्षेसाठी घोकलेले इंग्रजी शब्द मी विसरले, पण भूगावच्या सायबर कॅफेचे मालक आठवतात. तालमीत वाढलेला माणूस. सरावासाठी मी तिथे ऑनलाइन इंग्रजी शब्दांचा खेळ खेळायचे, समोर कुठल्यातरी देशातला अनोळखी खेळाडू. शब्द कळत नसूनही मालक खुर्चीमागून ओरडायचे, "दाबा त्याला, ताई!" मी जिंकले की मात्र दटावायचे, "आता राम राम घाला. हरल्याला तसंच सोडून जायाचं न्हाई." 'राम राम' टाईप केल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. मला वैताग यायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी जिंकले आणि बस गाठायला तशीच पळाले. दारातून वळून पाहिलं, तर माझ्या खुर्चीत बसून ते एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते.

"तुमी जावा," ते म्हणाले. "त्यो हरलेला गडी वाट बघत असंल."