फुकटचं प्यादं

बुद्धिबळाची पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि कोपरगावातली एक्क्याण्णव-ब्याण्णव सालची ती दुपार आठवते. लग्नानंतर पहिल्यांदाच बेलापूरला माहेरी निघाले होते. पिशवी दारात भरून ठेवलेली, आणि सासऱ्यांनी पट मांडला. "एक डाव खेळ, सूनबाई. जिंकलीस तर चारच्या एसटीनं जा, न्हाई तर उद्या." माहेरी सगळ्यांना हरवायचे, त्याची घमेंड, मी शहाणी लगेच फतकल मारून बसले. एक डोळा पटावर, दुसरा घड्याळावर. त्यांनी सुरुवातीलाच एक प्यादं पुढं सरकवलं. "घे की, फुकट हाय." मी घाईघाईनं वजीरच बाहेर काढला आणि ते खाल्लं. मग त्यांचे घोडे, उंट एकेक करून निघाले ते माझ्या वजिराच्या मागंच. माझे घोडे अजून तबेल्यात पेंगत होते. "गेला बघ वजीर," ते म्हणाले, तेवढ्यात रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि मला रडूच फुटलं. परवा माझी सून नातवाला घेऊन माहेरी निघाली, तेव्हा मीही पट मांडला. "आई, आल्यावर खेळू हं," म्हणाली आणि गेलीसुद्धा. ही चाल मला तेव्हा सुचलीच नव्हती!